यंत्र पडले तर घड्याळ कुणाचे थांबते?



गेल्या जिल्हा बैठकीत विषयपत्रिका संपली होती. चहा झाला होता, शेवटची एसटी चुकू नये म्हणून लांबच्या गावचे उठूही लागले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने विचारले, "पोर्टल बंद पडलं तर धरायचं कोणाला?" सगळे हसले. हसून झाल्यावर मात्र कुणी उठेना. पुढचा पाऊण तास त्याच एका प्रश्नावर गेला. कुणाचा पीक विम्याचा अर्ज शेवटच्या पानावर जाऊन विरघळला होता, कुणाची ई-पीक पाहणी फोटो काढताच बंद पडली होती, कुणी कापसाच्या नोंदणीसाठी तालुक्याला चार हेलपाटे घातले होते. एका बाईंनी सांगितले, केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "काकू, तुमचं नशीब."

नशिबावर आमचा विश्वास नाही. पण त्या दिवशी आमच्यापाशी धड उत्तरही नव्हते. उत्तराचा थोडा भाग पुढे मुंबईच्या उपनगरात सापडला. तो आता मांडतो.

दिवाळीनंतर दवाखान्याच्या कामाने मुंबईला जाणे झाले. भाचा मुलुंडला राहतो आणि अंधेरीच्या एमआयडीसीत संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. रोज घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रो, तसाच परत. गावाहून निघताना आमचा एका सरकारी योजनेचा अर्ज अर्धवट राहिला होता. योजना कोणती, खाते कोणते, ते लिहीत नाही. ज्याने तो भरला त्याला ओळखू येईल. मनात म्हटले, मुंबईत वीज जात नाही, रेंज जात नाही, घरात लॅपटॉप आहे, पोरगा इंजिनिअर आहे. इथे पाच मिनिटांचे काम.

रात्री नऊला बसलो. भाच्याच्या लॅपटॉपवर विंडोज. आधार, गट नंबर, आठ-अ, बँकेचे खाते, सगळे भरले. सातबाऱ्याची प्रत जोडायचे बटण दाबले आणि पडदा पांढरा पडला. ब्राउझर बंद. पुन्हा पहिल्यापासून भरले, पुन्हा त्याच बटणावर तेच. भाच्याने कंपनीचा लॅपटॉप काढला, त्यावर लिनक्स. तिथे पान उघडले, पण जिल्ह्यांच्या नावांची यादीच खाली उतरेना. भाचेसुनेने आपला आयफोन पुढे केला. तिथे तारखेचा रकाना दिसेना. शेवटी आमचाच जुना अँड्रॉइड फोन काढला. त्याने सगळे नीट घेतले आणि पासबुकाचा फोटो काढायला कॅमेरा उघडताच मघाचे सगळे पुसून टाकले. चार यंत्रे, चार तऱ्हा आणि अर्ज एकच. साडेबारा वाजले. आम्ही भाच्याला म्हटले, "बाबा रे, मुलुंडच्या इंजिनिअरला जे जमत नाही, त्यापायी आमच्या केंद्रावरच्या बारावी शिकलेल्या पोराला आम्ही उगाच शिव्या घालतो."

भाचा म्हणाला, "मामा, शिव्या नंतर घाला. आधी मोडलंय काय ते बघायचं."

त्या रात्री त्याने जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. गाडीत कापूस भरून निघालो आणि माल पोचला नाही, तर कारणे तीन. गाडीचा आख मोडला, नाल्याला पूर येऊन रस्ता तुटला, किंवा तिकडे जिनिंगचे फाटकच बंद. तिन्ही वेळा माल घरी परत येतो, पण दोष तिन्ही वेळा वेगळ्याचा असतो. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी असल्या ज्या खिडकीतून आपण पोर्टल पाहतो ती ब्राउझर म्हणजे आपली गाडी. मोबाईलची रेंज किंवा तार म्हणजे रस्ता. आणि मुंबईत, पुण्यात, दिल्लीत कुठेतरी बसवलेला सर्व्हर म्हणजे फाटक. फाटक बंद असताना "तुमच्या गाडीचा आखच मोडलाय" असे जर कुणी सांगत असेल, तर तो एकतर अडाणी आहे किंवा लबाड. "तुमचा मोबाईल जुना आहे" हे वाक्य आपण किती वेळा ऐकले ते आठवून पाहा.

ओळखायचे कसे? अख्खी खिडकीच नाहीशी झाली, किंवा फोन आपल्या पहिल्या पडद्यावर परत आला, तर ब्राउझर कोसळला. "इंटरनेट जोडलेले नाही" असे आले तर रस्ता तुटला. आणि पांढऱ्या पानावर ५००, ५०२, ५०३, ५०४ असा पाचशेच्या घरातला आकडा आला, तर तो सर्व्हरने स्वतःच दिलेला कबुलीजबाब आहे. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे मागणीत किंवा पत्त्यात काही चूक. पण पाचशेच्या घरातला आकडा आला की तुमचा फोन जुना असो की नवा, तुमचे बोट थरथरते असो की स्थिर, तुमचा त्यात काडीचा संबंध नाही. हा आकडा पडद्यावरून जाण्याआधी त्याचा फोटो काढायचा. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आता गाडीचा आख मोडतो का, तेही पाहू. फोनमधली मेमरी म्हणजे खळे. खळे लहान आणि कणसे जास्त झाली की कुठल्यातरी ढिगाला जागा सोडावी लागते. ब्राउझरमध्ये दहा पाने उघडी, मागे व्हॉट्सअॅप, त्यात नातवाचा व्हिडिओ, आणि वर अर्ज. अशात कॅमेरा उघडला की तो एकदम मोठी जागा मागतो. दोन जीबीच्या फोनमध्ये ती जागा नसते. मग अँड्रॉइड मागच्या कामाला गुपचूप बाहेर काढतो, आणि मागे असतो तो आपला अर्ज. फोटो काढून परत यावे तर रकाने कोरे. विंडोजची तऱ्हा वेगळी. तिथे खिडकी गोठते, वर "प्रतिसाद देत नाही" असे लिहून येते, आणि कधी पाच मिनिटांनी शुद्धीवरही येते. घाई करून बंद केली तर भरलेले जाते. लिनक्समध्ये मेमरी अगदीच संपली की यंत्रणा सगळ्यांत अधाशी कामाला थेट मारते, आणि तो अधाशी बहुधा ब्राउझरच असतो. आयफोनवर तर गंमत आहे. तिथे आपल्याकडे क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत अॅपलचेच इंजिन असते. म्हणून तिथे ब्राउझर बदलून फारसे काही बदलत नाही. विंडोजवर, लिनक्सवर, अँड्रॉइडवर मात्र बदलून पाहण्यात अर्थ आहे. क्रोममध्ये पडले तर फायरफॉक्समध्ये चालू शकते.

पूर्वी याहून वाईट होते. एक पान अडले की सगळा ब्राउझर पडे, जशी सगळी बैले एकाच दाव्याला बांधलेली. २००८ साली क्रोम आला तेव्हा त्याने उघडलेल्या पानांना वेगवेगळे दावे दिले. एक पडले तरी बाकीची उभी राहतात. त्याची किंमत मेमरीत मोजावी लागते, हेही खरे. आणि कधी दोष आपलाही नसतो, पोर्टलचाही नसतो. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइडच्या आतल्या वेबव्ह्यू नावाच्या एका भागाची सदोष आवृत्ती सगळीकडे गेली, आणि जगभर फोनमधली अॅपे उघडताच बंद पडू लागली. गूगलने नवी आवृत्ती देईपर्यंत लोक आपापल्या फोनला दोष देत बसले होते.

पण त्या रात्रीचा आमचा अर्ज चार यंत्रांवर चार ठिकाणी अडला, त्याला मेमरीचे कारण पुरत नाही. भाचा म्हणाला, "हे पान ज्यानं बांधलं त्यानं ते एकाच यंत्रावर, एकाच ब्राउझरमध्ये तपासलंय." म्हणजे आपल्या टेबलावरच्या नव्या यंत्रावर, वातानुकूलित खोलीत, फायबरच्या तारेवर. बियाणे विद्यापीठाच्या ओलिताच्या वाफ्यात तपासायचे आणि शिफारस करायची आमच्या मुरमाड रानाला, त्यातला हा प्रकार. ही जाळ्याची कल्पना मुळात निघाली तीच कुठल्याही यंत्रावर कुठलेही पान दिसावे म्हणून. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने १९९३ साली ते तंत्र जगाला फुकट देऊन टाकले. आणि आपल्याकडे कितीतरी वर्षे सरकारी पानांच्या तळाशी लिहिलेले असे की हे पान इंटरनेट एक्सप्लोररमध्येच नीट दिसेल. त्या इंटरनेट एक्सप्लोररला खुद्द मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले. भारत सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ सालीच काढल्या आणि २०१८ व २०२३ मध्ये सुधारल्या. पाने वेगवेगळ्या ब्राउझरांत चालली पाहिजेत, हे त्यांत आहे. नियम आहे, पाळायला लावणारा नाही. हे आपल्याला नवीन नाही.

यात वयाचाही प्रश्न आहे, माणसाच्या नव्हे, यंत्राच्या. क्रोमची नवी आवृत्ती २०२३ पासून विंडोज ७ वर येत नाही आणि २०२५ पासून अँड्रॉइड ८ आणि ९ वर येत नाही. कंपनीच्या दृष्टीने फोन म्हातारा झाला. आमच्या दृष्टीने तो अजून दोन हंगाम चालायचा आहे, कारण तो पऱ्हाटीच्या पैशातून घेतलेला आहे आणि पऱ्हाटीचे पैसे कसे येतात ते आपण जाणतोच.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून लवकर सुटका झाली. भाच्याने जेवायच्या सुट्टीत अंधेरीला बोलावले होते. तिथे चकाल्याला त्याने काचेची एक इमारत दाखवली. मल्टी कमॉडिटी एक्स्चेंज, म्हणजे एमसीएक्स. २००३ साली सुरू झालेला हा वायदेबाजार. सोने, चांदी, तेल यांच्या बरोबरीने कापसाच्या गाठींचेही वायदे इथे झाले आहेत. घाटकोपर आणि मुलुंडच्या मधे कांजूरमार्गला एनसीडीईएक्स आहे, तिथे सरकीसकट कापसाचे वायदे झाले. म्हणजे आपल्या मालाच्या भावाची एक दोरी या उपनगरातल्या संगणकांत आहे, हे ध्यानात घ्या. हिंगणघाटच्या किंवा अकोटच्या बाजारात व्यापारी मोबाईलकडे बघून भाव सांगतो, तो काय बघत असतो, त्याचा हा एक पत्ता.

आता ऐका. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी एमसीएक्सचे यंत्र बिघडले. सकाळी ९ ला उघडणारा बाजार दुपारी १ ला उघडला. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा बिघडले, बाजार उघडायला दुपारचे १.२५ झाले. त्या दिवशी तो उघडला तो राखीव केंद्रावरून. म्हणजे एक बैल बसला तर जुंपायला दुसरा आधीच दावणीला बांधलेला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे त्याहून बोलके उदाहरण आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११.४० ला तिथले सौदे थांबले. रोजचा बाजार साडेतीनला बंद होतो. त्या दिवशी सौदे पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि बाजार ५ वाजेपर्यंत चालू ठेवला गेला. ज्यांचे सौदे अर्धे अडकले होते त्यांच्यासाठी घड्याळच पुढे ढकलले. कुणाला उपोषणाला बसावे लागले नाही, निवेदन द्यावे लागले नाही. त्या बिघाडाचे प्रकरण २०२३ साली मिटले तेव्हा शेअर बाजार आणि त्याची क्लिअरिंग कंपनी यांना मिळून सत्तर कोटींच्या वर रक्कम भरावी लागली.

विमानतळही तिथेच, अंधेरी आणि सांताक्रूझच्या मधे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने संगणकांच्या रक्षणासाठी दिलेल्या प्रणालीची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडून बसली. लिनक्स आणि मॅकच्या यंत्रांना त्या फाइलने धक्का लागला नाही. मुंबईच्या विमानतळावर कंपन्यांनी काय केले? माणसे बसवली आणि हाताने नोंदणी सुरू केली. देशात काही ठिकाणी प्रवाशांना पेनने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उशीर झाला, काही विमाने रद्द झाली, पण पेनने लिहिलेल्या कागदावर माणूस विमानात बसून गेला.

विमानाला पेन चालते. पीक विम्याला चालत नाही!

आम्ही या उदाहरणांवर इतके रेंगाळलो ते मुंबईकरांचा हेवा वाटतो म्हणून नव्हे. त्यांनाही हा फटका बसतो. २०१७ साली कलिन्याच्या मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचे ठरवले. पूर्वतयारी नव्हती, यंत्रणा अडखळली. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही गेली. बोरिवलीच्या आणि मुलुंडच्या पोरांचे पुढचे प्रवेश लटकले. पण त्यातून निष्पन्न काय झाले तेही पाहा. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. आता त्याच वर्षी, त्याच महिन्यांत आपण कुठे होतो ते आठवा. कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरायला नवरा-बायको दोघे सेवा केंद्रांच्या दारात रात्रीपासून बसत होतो. बोटांचे ठसे उमटत नव्हते, कारण वेचणीने आणि निंदणीने ते झिजलेले. सर्व्हर पडत होता. मुदत वाढवावी लागली, आणि पुढे याद्यांमध्ये घोळ निघाला तो निघालाच. त्या पडलेल्या यंत्रापायी ज्यांचे दिवस गेले, ज्यांची मजुरी बुडाली, त्यांना भरपाई म्हणून कुणी एक रुपयाही मोजला नाही.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला तेव्हाही ३१ जुलै ही शेवटची तारीख होती आणि ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. तारीख वाढते, हे खरे. पण ती वाढते मेहेरबानी म्हणून, आरडाओरडा झाल्यावर, आणि बहुधा अगदी शेवटच्या घडीला. जो ३१ तारखेला दुपारी हात टेकून घरी गेला त्याला रात्री वाढलेली तारीख दोन दिवसांनी कळते. शेअर बाजारात तारीख वाढवायची वेळच आली नाही, त्याच दिवशी तास वाढले. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आमच्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, संगणकच नको, कागदावर आणा सगळे. त्यांच्याशी आमचे जमत नाही. कागदाचे दिवस आम्ही विसरलेलो नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात किती खेपा आणि चहापाण्याचे किती, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात आहे. २०१८ च्या मे महिन्यापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि त्या खेपा कमी झाल्या. हे चांगले झाले, आणि चांगले झाले म्हणायला लाजायचे कारण नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रावर गाड्यांच्या रांगा आठवडा आठवडा हलत नव्हत्या. ग्रेडरची मर्जी, मग चुकाऱ्याची वाट. ते दिवस कुणाला परत हवेत? पण एक गोष्ट त्या रांगेत होती. पुढे कोण घुसला ते डोळ्यांना दिसायचे आणि चार जण मिळून त्याची गाडी मागे लावता यायची. आता कापूस विकायला आधी कपास किसान अॅपवर नोंदणी, ज्वारीच्या हमीभाव खरेदीला आधी ऑनलाइन नोंदणी, म्हणजे रांग फोनच्या आत गेली. आतली रांग दिसत नाही. तिथे कुणी घुसला तरी कळत नाही, आणि रांगच मोडली तरी "तुमचा मोबाईल जुना".

म्हणून हातातले काय ते आधी करू. भाच्याने आणि आम्ही मिळून त्या अर्जाचे शेवटी काय केले ते सांगतो, त्यातून कामाचे घ्या. फोटो आणि कागद आधीच काढून फोनमध्ये ठेवले, अर्ज उघडल्यावर कॅमेऱ्याला हात लावला नाही. फोटो फार मोठे होते ते लहान करून घेतले. मागची सगळी पाने आणि अॅपे बंद केली, फोन एकदा बंद करून चालू केला. क्रोमऐवजी फायरफॉक्स वापरला. गट नंबर, खाते क्रमांक, आयएफएससी हे सगळे आधी एका कागदावर लिहून काढले होते, म्हणजे पुन्हा भरावे लागले तर शोधाशोध नको. आणि वेळ निवडली पहाटे पाचची. पहाटे सर्व्हरवर गर्दी नसते, पाण्याच्या पाळीला जसे आपण रात्रीचे उठतो तसेच हे. अर्ज गेला. पावतीचा क्रमांक आला, तो वहीत लिहिला आणि पडद्याचा फोटोही काढला, कारण पावती उतरवून घ्यायच्या बटणावर ब्राउझर पुन्हा पडू शकतो. आमचा पडलाच.

केंद्र चालवणाऱ्या पोरांनाही दोन शब्द. तुमचे यंत्र विंडोज ७ चे असेल तर क्रोमची वाट पाहू नका. क्रोमने साथ सोडल्यावरही फायरफॉक्सने जुन्या विंडोजसाठी ११५ ही आवृत्ती बराच काळ सांभाळली. एक फुकटचे लिनक्स दुसऱ्या जुन्या यंत्रावर टाकून ठेवा. जे एकात पडते ते दुसऱ्यात चालले तर दिवस वाचतो. आणि काकूंना नशीब सांगू नका, आकडा सांगा.

आता त्या आकड्याकडे येतो. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेचा अर्ज दिला की पावती मिळाली पाहिजे, ठरल्या मुदतीत काम झाले पाहिजे, नाही झाले तर अपील आहे आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. पण त्याचे घड्याळ सुरू होते अर्ज पोचल्यावर. ब्राउझर पडला, सर्व्हर पडला, अर्ज पोचलाच नाही, तर कायद्याच्या लेखी तुम्ही अर्ज केलेलाच नाही. तुमचे चार हेलपाटे कुठल्याच दप्तरात नाहीत. म्हाताऱ्याने जे विचारले त्याची गाठ इथे आहे. धरायला कुणी सापडत नाही, कारण आपण तिथे गेलो होतो याचाच पुरावा नाही.

तो पुरावा आपण तयार करायचा. पाचशेच्या घरातला आकडा दिसला, किंवा पडदा पांढरा पडला, की फोटो काढा. शक्यतो त्यात तारीख आणि वेळ दिसू द्या. त्याच दिवशी साध्या कागदावर अर्ज लिहा की अमुक योजनेचा अर्ज भरताना अमुक वाजता पोर्टल बंद पडले, हा कागद त्या तारखेचा अर्ज समजावा. फोटोची प्रत जोडा. योजना ज्या खात्याची असेल त्याप्रमाणे तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयाच्या आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. खिडकीवरचा बाबू म्हणेल, "ऑनलाइनच आहे, कागद घेत नाही." त्याला म्हणा, घेत नाही असे लिहून द्या. एकट्याला तो हाकलून देईल, दहा जण असले तर घेईल.

आणि मागणी काय करायची, तेही आमच्या मते सरळ आहे. पोर्टल जितके तास बंद, तितके तास मुदत आपोआप पुढे, कुणाच्या घोषणेची वाट न पाहता. किती तास बंद होते त्याची नोंद सरकारने रोज उघड लावायची. अर्धा भरलेला अर्ज यंत्राने जिथे थांबला तिथे जपून ठेवायचा. बँकांच्या आणि रेल्वेच्या कामात जे जमते ते इथे जमत नाही, हे आम्ही मानणार नाही. पोर्टल स्वीकारण्याआधी ते दोन जीबीच्या फोनवर, जुन्या अँड्रॉइडवर, लिनक्सवर आणि तालुक्याच्या रेंजवर तपासून घ्यायचे, आणि बांधणाऱ्या कंपनीचे बिल त्यानंतर काढायचे. आम्ही कापूस आणतो तेव्हा ओलावा मोजल्याशिवाय कोणी पैसे देत नाही. त्यांच्या मालाचा ओलावा कोण मोजतो? आणि सगळे यंत्र बसले तर विमानतळावर जे झाले तेच व्हावे, पेन आणि कागद चालावा.

काही जण म्हणतील, भावाचा प्रश्न सोडून हे कसले ब्राउझरचे घेऊन बसलात. हमीभाव कागदावर कितीही चांगला असो, त्याच्या दारापर्यंत जाण्याची वाट आता या खिडकीतून आहे. खिडकी पडली की कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो, पडेल त्या भावाने. त्यामुळे आमच्या लेखी हा भावाचाच प्रश्न आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडच्या पडलेल्या पडद्यांचे फोटो आणि आवक शिक्क्यांच्या प्रती बरोबर आणाव्यात. फोटो छापून आणले तर बरे, बैठकीच्या ठिकाणी रेंज नसते. प्रत्येक फोटोमागे गाव, योजना, तारीख, वेळ आणि फोन कोणता ते पेन्सिलीने लिहावे. ज्या म्हाताऱ्यांनी प्रश्न विचारला होता त्यांना त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवायचे ठरले आहे.